वल्ह्याला लावलेला कान

सातही होड्यांची इंजिनं बंद झाली, तेव्हा लहान्यानं वल्हं पाण्यात उभं सोडलं आणि त्याच्या मुठीला कान लावला. चिखले गावची माणसं ढोमे मासे असेच शोधतात. ढोमा पाण्याखाली बेडकासारखा ओरडतो, आवाज लाकडातून वर चढतो आणि कान देणाऱ्यानं हात वर केला की सगळ्यांची जाळी पडतात. गेली तीस वर्षं तो हात लहान्याचा होता.

इथलं पाणी सरकारनं चौकोन आखून तेल आणि वायूसाठी एका कंपनीला पट्ट्यानं दिलं होतं. कंपनीचं जहाज चाळीस दिवस धमाके करत तळ तपासत फिरलं. तेवढे दिवस होड्या वाळूवर ओढून ठेवल्या होत्या. जहाज काल गेलं. मासे होते तिथेच आहेत, खुशाल जा, असं साहेब लोक मच्छीमार सोसायटीत सांगून गेले.

लाकडात आवाज आला. आधी एक, मग दहा, मग मोजता येईनात इतके. लहान्याच्या जिवात जीव आला. त्यानं हात वर केला.

जाळी वर आली ती नुसती निथळत. ढोमा सोडा, एक खेकडाही नव्हता. आवाज मात्र चालूच होता, अगदी होडीच्या पोटाखाली. त्यानं पुन्हा हात केला. पुन्हा तेच.

"काका, कान घरी विसरलास काय?" शेजारच्या होडीतून पांड्या म्हणाला. सगळे हसले. तिसऱ्यांदा जाळी रिकामी आली तेव्हा कोणी हसलं नाही.

लहान्याची थोरली मुलगी निर्मला त्याच्याच होडीवर होती. त्यानं वल्हं तिच्या हातात दिलं. म्हातारपणी कान फसवतो म्हणतात, तसं असेल तर त्याला चालणार होतं. उद्यापासून तिनं कान दिला असता आणि तो ओट्यावर जाळी शिवत बसला असता. 'काहीच नाही' एवढंच तिनं म्हणावं, म्हणून तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

निर्मलानं डोळे मिटले. बराच वेळ गेला. तिच्या दंडावर हळूहळू काटा उभा राहिला.

"भरपूर आहेत बाबा," ती म्हणाली. "अगदी खाली."

लहान्यानं तिच्याकडून वल्हं घेतलं, पाण्याबाहेर काढलं आणि होडीत आडवं ठेवलं. डोक्यावर कडक ऊन होतं. बघता बघता लाकूड वाळायला लागलं.

आवाज थांबला नाही.

आधी पांड्यानं मान वळवली, मग त्याच्या पलीकडच्यानं. एकेक करून सातही होड्यांतली माणसं आपापल्या पायांखाली बघू लागली.