अजून एक फोटो

परतूरचा फोटोग्राफर महेमूद महिनाभर त्या नव्या, खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्याची वाट बघत होता. फोटोत कुणाचे डोळे मिटले, तर त्या चेहऱ्याभोवती चौकोन काढून हा कॅमेरा सांगणार होता.

तो आला, त्याच सकाळी नंदाबाईंनी बोलावणं धाडलं. त्यांचे यजमान, कारभारी, पहाटे वारले होते. अंघोळ घालून त्यांना ओसरीत भिंतीला टेकवून बसवलं होतं. उचलण्याआधी घरच्यांसोबत फोटो काढायची रीत होती.

महेमूदनं बटण दाबलं. कारभारींच्या चेहऱ्याभोवती चौकोन उमटला : डोळे मिटलेले आहेत.

यंत्राला काय कळणार, असं त्याला वाटून गेलं.

"महेमूदभाऊ, अजून एक काढा. मी खाली बघून राह्यले व्हते."

त्यानं काढला. चौकोन आला न्हाई. पडद्यावर अक्षरं आली : सगळ्यांचे डोळे उघडे आहेत.

"बराबर आला का?" नंदाबाईंनी विचारलं.

महेमूद मान वर करीना.