देवाची मिठी

नव्या राजाने जुने सगळे देव बाद केले आणि एकच ठेवला, आकाशातलं सूर्यबिंब. देवच डोक्यावर असताना मध्ये छप्पर घालणं म्हणजे पाप, म्हणून राजधानीतलं मोठं देऊळही उघडंच बांधलं. भर दुपारची पूजा संपेपर्यंत दरबाऱ्यांनी तापल्या फरशीवर उभं राहायचं. राजाला पंखे होते; बाकीच्यांना भक्ती होती.

धान्यकोठारांचा म्हातारा कारभारी सेनकेद मात्र पुरता धास्तावला होता. परवाच त्याच्या शेजारी उभा असलेला माणूस पूजेत कोसळला आणि पुन्हा उठलाच नाही.

"अहो, मग खरी चक्कर येण्याआधीच खोटी आणा की," त्याची बायको हेनुत म्हणाली. "माझ्या भावाने कुस्तीला बोलावलं होतं, तेव्हा किती छान जमलं होतं तुम्हाला!"

दुसऱ्या दिवशी स्तोत्र ऐन रंगात आलं असताना सेनकेद डोळे फिरवून आडवा झाला. एकच गलका झाला. "अरे, बघता काय? उचला त्यांना, भिंतीच्या सावलीत न्या!" कोणीतरी ओरडलं. दोघांनी खांद्याखाली हात घातले, तसा सेनकेद मनातल्या मनात बायकोच्या पाया पडला.

तेवढ्यात मुख्य पुजारी हात उंचावून धावत आला.



"खबरदार कोणी हात लावाल तर! प्रत्यक्ष देवाने मिठीत घेतलंय त्यांना. मावळतीला तोच सोडेल."