बियाण्याचा रंग

बियाणं कोणी चुकून खाऊ नये म्हणून एमआयडीसीतल्या कंपनीत त्याला विषारी औषधासोबत गुलाबी रंग चोळतात. तीन हंगामांपासून तिथं कामाला असलेल्या शिवकन्याचे हातही गुलाबीच. साबण झाला, राख झाली, राकेल झालं, नखांतला रंग काही जात नाही. ती कामावरून आली की अडीच वर्षांची लेक झेपावते आणि शिवकन्या हात पाठीमागे लपवते. "हात न्हाई लावायचा, बेटा. औषध हाय." सुट्टीच्या दिवशी अंगणवाडीच्या ताईंनी दिलेला रंगांचा तक्ता पुढ्यात घेऊन मायलेकी बसल्या. शिवकन्या एकेका रंगावर बोट ठेवत गेली. "लाल." "पिवळा." "हिरवा." लेकीचं एकही चुकलं नाही. बोट गुलाबीवर आलं तशी लेक थबकली. तिनं दोन्ही हात पाठीमागे लपवले. "सांग की, हा कोणता?" "आई." शिवकन्यानं आपल्या बोटाकडे पाहिलं. "बराबर," म्हणत तिनं ते पुढच्या रंगावर सरकवलं.