पांढऱ्या रंगाखाली

इराकी सैनिक कुवेतमधल्या फहाहीलमध्ये घरोघर झडती घ्यायला लागले, तेव्हा लेकीने भिंतीवर काढलेला कुवेतचा झेंडा आलोकने पांढरा रंग फासून झाकून टाकला. जुईलीने भोकाड पसरलं. आलोक तिला समजावत म्हणाला,

"अगं, जर्मनीतलं एक जुनं गॉथिक चर्च संतांची चित्रं न मानणाऱ्या प्रोटेस्टंटांकडे गेलं, तेव्हा तिथल्या चित्रांवर असाच चुना फासला होता. चारशे वर्षांनी हलक्या हाताने खरवडला, तर चित्रं जशीच्या तशी! आपणही परत आलो की खरवडू."

मायदेशी निघालेली जुईली जॉर्डनमधल्या निर्वासितांच्या छावणीतच तापाने गेली.

युद्ध सरल्यावर आलोक सुरी घेऊन त्या भिंतीपाशी आला. म्हातारे घरमालक अबू सालेम मायेने म्हणाले,

 

"बेटा, तू येणार म्हणून नवा रंग दिलाय. वरवरचा नाही हं, आधीचा सगळा पार सिमेंटपर्यंत खरवडून काढला."