भोपळ्याचा बलक

दिवाळीत आलेल्या व्याह्यांच्या पत्राला आप्पांनी उत्तर दिलं नव्हतं. ‘जपानी कार्टून सिनेमात दिसतं तसं जेवण मी मुक्ताला हुबेहूब करून घालतो,’ असं त्यात होतं. नात दोघांचीही होती. आप्पांच्या पोटात दुखलं.

सुट्टीत ती आल्यावर त्यांनी तो सिनेमा तीनदा पाहून शेवयांचं सूप केलं. सिनेमातल्या सुपावर अर्धं उकडलेलं अंडं होतं; घरात अंडं चालत नव्हतं, म्हणून उकडीच्या गोळ्यात भोपळ्याचा बलक भरला आणि अर्धा कापून वर ठेवला.

“त्या आजोबांसारखं झालंय?”

“छे, त्यांचं भारी असतं. पण असलं अंडं त्यांना नाही येत. शिकवा ना त्यांना.”

आप्पांनी दुसऱ्याच दिवशी सविस्तर कृती लिहिली. उकडीत चमचाभर तूप नसेल तर गोळा कापताना फुटतो, एवढं मात्र लिहिलं नाही. मग स्वतः जाऊन पत्र पेटीत टाकलं.