अपडेटनंतरचा फोन

दुकानदाराने काउंटरवर दोन लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही वहीएवढे, दोन्ही वापरलेले, एकाच्या झाकणावर ओरखडा. मुलीने आधी हा उचलला, मग तो. तिला रोज पाठीवर घेऊन तीन-तीन स्टुडिओ फिरायचे असतात, तेव्हा पहिली परीक्षा वजनाची. दुसरी अडचण मोठी. आवाज जुळवायचं तिचं सॉफ्टवेअर ज्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतं ती बनवणारी कंपनी म्हणते, आमच्याच मशिनवर चालवा, दुसरीकडे चालवलीत तर तुमचं तुम्ही बघा. कंपनीचं मशिन परवडत नव्हतं, म्हणून हा सगळा उद्योग.

उद्योग बाबांचा. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. घड्याळं यायची थांबल्यावर हाताला चाळा म्हणून ते असल्या परक्या मशिनवर ती सिस्टिम चढवायला शिकले. इतके तरबेज झाले की अडलं की दुकानदारच त्यांना विचारायचा.

"हा ओरखडेवाला घे," बाबा म्हणाले. "कॅमेरा चालेल, आवाज चालेल. झाकण मिटलं की झोपेल आणि उघडलं की उठेल. सगळे उठत नाहीत."

"आणि वायफाय?"

वायफायचं नाव निघालं आणि बाबांनी मान खाली घातली. गेल्या महिन्यात मुलीची मुलाखत होती, बाबांनी आधी तयार करून दिलेल्या जुन्या लॅपटॉपवरून. पलीकडच्यांना थेट काम करून दाखवायचं होतं, नुसत्या फोनवर भागणारं नव्हतं. त्याच सकाळी मशिनने आपलं आपण अपडेट घेतलं आणि वायफाय गेलं. त्या लोकांनी अर्धा तास वाट पाहिली, मग दुसऱ्या कुणाला तरी घेतलं.

"ह्याचं वायफाय सिस्टिम आपणहून ओळखते," बाबा हळू आवाजात म्हणाले. "अपडेट आलं तरी काही करावं लागत नाही."

दुकानदार बोलका माणूस. मनात काही नसतं त्याच्या, पण जिभेला हाड नाही. "अगं, मागच्या वेळीच मी ह्यांना म्हटलं होतं, हेच मॉडेल घ्या म्हणून. तेव्हाही होतं माझ्याकडे. पण हे कसले ऐकतात? म्हणाले, मला तो दुसरा दे. त्याचं दर अपडेटला वायफाय जातं, म्हणजे पोरगी फोन तरी करेल." तो हसला, आणि हसता हसता त्याला दोघांचे चेहरे दिसले.

मुलीने हातातला लॅपटॉप खाली ठेवला.

"खरं का हो, बाबा?"

नाही म्हणून टाकता आलं असतं. दुकानदाराने तेही सांभाळून घेतलं असतं.

"हो," बाबा म्हणाले. "तू तिकडे राहायला गेल्यावर आठवड्याला एक फोन. जेवलात का, औषध घेतलं का, बरं ठेवते. अपडेट आलं की मात्र अर्धा तास बोलायचीस. मी म्हणायचो हे दाब, ते दाब, आणि मधल्या वेळात तू सांगत बसायचीस. कोण काय बोललं, घरमालकीण कशी खाष्ट आहे. मला वाटलं, एवढ्याने कुणाचं काय बिघडतंय. सोळा वेळा फोन आला तुझा. सोळाही वेळा मी लगेच उचलला."

"सतराव्यांदा नाही उचललात."

त्या सकाळी ते फोन घरी चार्जिंगला लावून केस कापायला गेले होते. माणूस केस कापायला जातोच, त्यात काही पाप नाही. परत आले तेव्हा नऊ मिस्ड कॉल होते आणि दहावा यायचा नव्हता. पुढे कितीतरी दिवस त्यांना आरशात बघवलं नाही.

ती चिडली असती, चार शब्द बोलली असती, तर बाबांना बरं वाटलं असतं. ती तसं काही बोलली नाही.

"मला शिकवायचं होतंत ना," ती म्हणाली. "माझं मी केलं असतं. अर्ध्या तासाचं तर काम."

"दहा मिनिटांचं," बाबा म्हणाले. आता काही लपवायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती.

मग तिने ओरखडेवाला लॅपटॉप दुकानदारापुढे सरकवला. त्याने तो मुकाट्याने पिशवीत घातला, चार्जर घातला. बाबांनी पिशवी घ्यायला हात पुढे केला, तोवर तिने ती खांद्याला लावली होती. तिने आपला फोन काढला.

"काका, तुमचा नंबर द्या. पुढेमागे काही अडलं तर तुम्हालाच विचारेन."

"माझा?" दुकानदाराने बाबांकडे पाहिलं, मग ड्रॉवर उघडून उगाच उचकापाचक केली. "कार्डं संपलेली दिसतात. आणि नंबर नवीन घेतलाय गं, माझा मलाच पाठ नाही."

मुलगी फोन हातात धरून उभी राहिली. दुकानदाराने दुसरा ड्रॉवर उघडला.

बाबांनी दुकानदाराचा नंबर सांगायला सुरुवात केली. एकेक आकडा, सावकाश, तिला टाइप करता यावा असा.

"शेवटचे दोन परत सांगा," मुलगी म्हणाली.

बाबांनी ते परत सांगितले.