भिंतीपल्याडचे हात

लुंबिनीनं "एक" म्हटलं अन् भिंतीपल्याडून दोन हात वर आले. गोंदलेले, सुरकुतलेले. "दोन" म्हटलं, खाली गेले.

उमरीच्या विहाराच्या आवारात म्हाताऱ्या बायांचा व्यायाम चालू व्हता. लुंबिनी गावातलीच, नर्सिंग शिकलेली पोरगी. वर्ग फुकट, अन् फुकटात मानूस यायला मागत न्हाई. म्हणून तिनं मेसेज सुरू केले. जी येणार न्हाई तिच्या घरच्यांच्या नंबरावर वर्ग सुटला की मेसेज: "आज आल्या नाहीत. उद्या नक्की पाठवा." झालं, आवार भरलं. एक कोंडाबाई तेवढी येईना. रोज मेसेज, रोज दांडी.

ते हात तिचेच व्हते.

लुंबिनी तशीच अनवाणी भायेर गेली. कोंडाबाई लिंबाखाली दगडावर बसून आतल्या आकड्याची वाट बघून राहिली व्हती.

"मावशे, हितं काय करून राहिलीस?"

"तू सांगून राहिलीस तेच."

"मग आत ये की! भिंतीला व्यायाम शिकवतीस का?"

"आत आले की तू हजेरी लावशील."

"लावनारच!"

"मंग मेसेज बंद व्हईल."

"तुला वाचता तरी येतो का मेसेज?"

"मला कुटं येतो? नंबर माझ्या पोराचा, धम्मदीपचा दिलाय. त्यो पुण्यात वाचतो अन् मला फोन लावतो. लई चिडतो बग." कोंडाबाईचं तोंड फुललं. "म्हंतो, का गेली न्हाईस? गुडघा कसा हाय? जेवलीस का? आधी निस्ता चौदा एप्रिलला यायचा फोन."

लुंबिनीनं हाताला धरून तिला उठवलं, आत नेऊन पुढंच बसवलं. मंग मोबाईल काढला, वर्ग सुटायच्या आधीच धम्मदीपला "आज आल्या नाहीत"चा मेसेज धाडून दिला.

"चला, हात वर. एक!"

कोंडाबाईच्या मांडीवर फोन वाजला. भिंतीपल्याडचं बोलणं साऱ्यांनी ऐकलंच व्हतं. एक म्हातारी खुदकन हसली, शेजारणीनं कोपरानं ढोसलं तिला.

"हां, धम्मा. न्हाई रे, न्हाई गेले. घरीच हाय. हाव, जेवले... उद्या? उद्याचं उद्या इचार."

बायांचे हात वरच. "दोन" कोणी म्हणीना.